बोरिस कार्लॉफ : पडद्यावरील भयाला करुणेची जोड देणारा अभिनेता

एक जड दार उघडते. उंच, अवजड देहाची एक आकृती पाठमोरी आत येते, सावकाश वळते आणि कॅमेरा एकापाठोपाठ एक असे तीन वेळा तिच्या चेहऱ्याच्या जवळ जातो. पार्श्वसंगीत नाही, किंकाळी नाही. १९३१ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या हॉलिवूडपटातील हे काही क्षण जगभरातील प्रेक्षकांच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले. त्या चेहऱ्यामागील अभिनेता वयाच्या चव्वेचाळिशीला टेकलेला होता आणि तोवर त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. चित्रपटाच्या प्रारंभीच्या श्रेयनामावलीतही त्याच्या नावाच्या जागी केवळ प्रश्नचिन्ह होते. तो अभिनेता म्हणजे बोरिस कार्लॉफ.

कार्लॉफ यांचे मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजी दक्षिण लंडनमध्ये झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. त्यांचे वडील ब्रिटिश हिंदुस्थानातील मीठ महसूल खात्यात अधिकारी होते. प्रॅट घराण्याचा हिंदुस्थानशी असलेला संबंध केवळ नोकरीपुरता नव्हता, तो रक्ताचाही होता. कार्लॉफ यांची आजी, म्हणजे आईची आई, ही ॲना लिओनोवेन्स यांची सख्खी बहीण. सयामच्या राजदरबारातील शिक्षिका म्हणून पुढे प्रसिद्धी पावलेल्या ॲना यांचा जन्म १८३१ साली अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मुंबई लष्करातील एका सार्जंटच्या घरी झाला होता. ॲना यांनी आपले हे अँग्लो-इंडियन मूळ आयुष्यभर दडवून ठेवले. वर्णभेदाच्या त्या काळात मिश्र वंशाचा उल्लेख अशा कुटुंबांत टाळलाच जात असे. कार्लॉफ यांचा सावळा वर्ण मात्र लपणारा नव्हता.

आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने थोरल्या भावंडांनी त्यांना वाढवले. भावंडांपैकी अनेकांनी सरकारी सेवेत नाव मिळवले. एक बंधू, सर जॉन प्रॅट, चीनविषयक जाणकार मुत्सद्दी म्हणून ओळखले गेले. दुसरे बंधू फ्रेडरिक ग्रेव्हिल प्रॅट मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी होते. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाच्या वेळी महात्मा गांधींना ज्या आयुक्त प्रॅट यांच्याशी सामना करावा लागला, ते हेच. धाकट्या विल्यमनेही परदेशी वकिलातीच्या सेवेत जावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. त्यासाठी लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्यांचे शिक्षणही सुरू झाले. तथापि, त्यांचे मन रंगभूमीकडे ओढ घेत होते. बोलताना अडखळणारा, उच्चारात बोबडेपणाची छटा असलेला हा तरुण नट होऊ पाहतो, ही गोष्ट प्रतिष्ठित कुटुंबाला रुचणारी नव्हती.

१९०९ मध्ये त्यांनी इंग्लंड सोडून कॅनडा गाठले. शेतमजुरी आणि पडेल ते अंगमेहनतीचे काम करीत त्यांनी फिरत्या नाटक मंडळ्यांत प्रवेश मिळवला आणि बोरिस कार्लॉफ हे नाव धारण केले. हे नाव आपल्या आईच्या पूर्वजांकडून आल्याचे ते सांगत. कुटुंबाच्या इतिहासात मात्र त्याला आधार सापडत नाही. घराण्याच्या नावाला आपल्या व्यवसायामुळे कमीपणा येऊ नये, हीही भावना या नामांतरामागे होती.

मूकपटांच्या काळात ते हॉलिवूडमध्ये पोहोचले. तेथील पहिली दहा-बारा वर्षे उमेदवारीतच गेली. सावळ्या वर्णामुळे आणि खोल डोळ्यांमुळे त्यांच्या वाट्याला अरब, हिंदुस्थानी किंवा अन्य ‘परकीय’ खलपुरुषांच्या किरकोळ भूमिका येत. त्या नसत तेव्हा मालमोटारी चालवून आणि माल उतरवून ते गुजराण करीत. १९३१ च्या प्रारंभी ‘द क्रिमिनल कोड’ या चित्रपटातील कैद्याच्या भूमिकेने त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले. त्यानंतर युनिव्हर्सल कंपनीच्या उपाहारगृहात दिग्दर्शक जेम्स व्हेल यांची नजर त्यांच्या चेहऱ्याच्या ठेवणीवर खिळली आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील राक्षसाच्या भूमिकेसाठी त्यांची निवड झाली.

त्या राक्षसाचे रूप रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी घडवले. मृतदेहांचे अवयव जोडून निर्माण केलेल्या जिवाच्या डोक्यात मेंदू बसवायचा, तर कवटीचा वरचा भाग झाकणासारखा कापावा लागेल, या विचारातून ते सपाट डोके आले. मानेवरील खिळ्यांसारखे दिसणारे भाग हे वीज वाहून नेणारी टोके होती. रंगभूषेला दररोज सुमारे चार तास लागत. या रूपात कार्लॉफ यांनीही स्वतःची भर घातली. डोळ्यांत अधिक जाण दिसते असे त्यांना वाटल्याने पापण्यांवर मेणाचा जाड थर देण्यात आला. तोंडातील कृत्रिम दात काढून ठेवल्याने एका गालाला खळगा पडला. त्या जड पापण्यांआडून जन्माला आलेला जीव प्रथमच प्रकाश पाहतो आणि छतातून येणारा तो प्रकाश पकडण्यासाठी हात उंचावतो. भयपटातील राक्षस त्या प्रसंगात तान्ह्या मुलासारखा दिसतो. ही किमया केवळ अभिनयाची होती, कारण संपूर्ण भूमिकेत त्यांना एकही शब्द बोलायचा नव्हता.

या चित्रपटातील सर्वाधिक वादग्रस्त ठरला तो तळ्याकाठचा प्रसंग. एक लहान मुलगी राक्षसाला न घाबरता आपल्याजवळची फुले देते. दोघे मिळून ती पाण्यात सोडतात. फुले तरंगतात, संपतात. मुलगीही तशीच तरंगेल, या भाबड्या समजुतीने राक्षस तिला उचलून पाण्यात टाकतो आणि ती बुडाल्यावर गोंधळून पळत सुटतो. मुलीला पाण्यात फेकण्याची कल्पना स्वतः कार्लॉफ यांना पसंत नव्हती. प्रदर्शनानंतर अनेक ठिकाणी आणि पुढील पुनर्प्रदर्शनात सर्वत्र या प्रसंगाचा शेवट कापला गेला. राक्षसाचे हात मुलीकडे वळतात, एवढ्यावर दृश्य तुटू लागले आणि थेट तिचा मृतदेह घेऊन चालणारा बाप दिसू लागला. प्रेक्षकांचे रक्षण करण्यासाठी लावलेल्या या कात्रीने विपरीत परिणाम साधला. अपघाताने घडलेला मृत्यू दिसेनासा झाला आणि मधल्या रिकाम्या जागेत प्रेक्षकांच्या कल्पनेने त्याहून भयंकर काही भरले. निरागस जीव हेतुपुरस्सर क्रूर ठरला. कापलेला भाग १९८० च्या दशकात पुन्हा जोडला गेला, तेव्हा कार्लॉफ हयात नव्हते.

न दाखवलेल्या गोष्टीची भीती किती खोल जाते, याचा प्रत्यय १९३२ च्या ‘द ममी’ या चित्रपटानेही दिला. हजारो वर्षे निद्रिस्त असलेल्या ममीचे डोळे किंचित उघडतात, हात हलतो. त्यानंतर ममी चालताना दिसतच नाही. दिसतो तो गुंडाळी हिसकून नेणारा हात, दारातून फरफटत जाणारे पट्ट्यांचे टोक आणि वेड लागून हसत सुटलेला तरुण संशोधक. कार्लॉफ यांच्या चित्रपटांतील भय बहुधा असे संयमित होते. किळस आणणाऱ्या दृश्यांचे त्यांना वावडे होते.

या यशाची किंमत त्यांच्या देहाने मोजली. जड पोशाखात, सहकलाकाराला खांद्यावर घेऊन चढण चढण्याच्या चित्रीकरणाने त्यांच्या पाठीला झालेली इजा जन्मभर पुरली. चित्रीकरणाचे तास अमर्याद होते. या अनुभवातूनच १९३३ मध्ये स्थापन झालेल्या स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या कलाकार संघटनेच्या संस्थापकांत ते सामील झाले. निर्मात्यांची नाराजी ओढवून घेण्याचा धोका असतानाही त्यांनी सहकाऱ्यांना संघटनेत आणण्याचे काम नेटाने केले. त्याच वर्षी चित्रीकरणासाठी ते सुमारे चोवीस वर्षांनी इंग्लंडला परतले. प्रतिष्ठित बंधू आपला स्वीकार करतील की नाही, ही धास्ती त्यांच्या मनात होती. प्रत्यक्षात बंधूंनी त्यांचे कौतुकाने स्वागत केले आणि प्रसिद्ध भावासोबत छायाचित्रेही काढून घेतली.

राक्षसाची भूमिका त्यांनी आणखी दोनदा, १९३५ आणि १९३९ मध्ये, साकारली आणि नंतर ती थांबवली. या पात्रात आता विनोदाखेरीज काही उरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९४१ मध्ये ब्रॉडवेवरील ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ या नाटकात आपल्या प्रतिमेची थट्टा त्यांनी स्वतःच रंगवली. लहान मुलांशी त्यांचे विशेष सख्य होते. त्यांच्या ध्वनिमुद्रित बालकथा लोकप्रिय झाल्या आणि १९६६ च्या ‘ग्रिंच’ या दूरचित्रवाणी चित्रपटाच्या निवेदनामुळे त्यांना ग्रॅमी पुरस्कार लाभला. लहान मुलांच्या पत्रांत राक्षसाची भीती नव्हती, त्याच्याविषयीची सहानुभूती होती, याचा त्यांना सर्वाधिक आनंद वाटे.

१९६८ च्या ‘टार्गेट्स’ या चित्रपटात त्यांनी एका वृद्ध भयपट अभिनेत्याची भूमिका केली. रस्त्यावर निष्कारण गोळ्या झाडणाऱ्या तरुणाच्या जगात आपले रंगवलेले राक्षस कालबाह्य झाले आहेत, ही त्या पात्राची खंत होती. श्वसनविकार आणि संधिवाताने जर्जर झालेल्या कार्लॉफ यांनी ती अत्यंत संयत अभिनयाने व्यक्त केली. २ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमधील ससेक्स येथे त्यांचे निधन झाले.

आपले मूळ, नाव आणि चेहरा या तिन्ही गोष्टी झाकून जगलेल्या या कलावंताने जगाला दाखवला तो समाजाने नाकारलेल्या जिवाचा एकाकीपणा. तो राक्षस वळून पाहतो, तेव्हा प्रेक्षक आधी दचकतो. पण चित्रपट संपल्यावर त्याच्या मनात रेंगाळतो तो प्रकाशाकडे उंचावलेला, रिकामाच परतलेला हात.