देहूचे पडके देऊळ

श्रीक्षेत्र देहूचे तुकोबा हे पिढीजात महाजन. घरी शेती, व्यापार, सावकारी. शिवाय पूर्वज विश्वंभरबाबांपासून चालत आलेले विठ्ठलाचे देऊळ. आईवडील निवर्तले, थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले. पाठोपाठ इ. स. १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ आला. दिवाळे निघाले, मान गेला. पहिली पत्नी रखुमाबाई उपासमारीने गेली, मुलगा संतूही गेला.

उरले होते ते घरचे देऊळ, तेही मोडकळीस आलेले. तुकोबांनी प्रथम त्याचाच जीर्णोद्धार केला. सुबत्तेच्या काळी नव्हे, दिवाळे निघाल्यावर! कर्जखतांची निम्मी वाटणी धाकटे बंधू कान्होबांना दिली, आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडविली. (पुढे संसार ओढला तो जिजाईने, त्या माउलीचे कष्ट विसरू नयेत.)

पुढे आपली हकीगत अभंगांत सांगताना दिवाळे व दुष्काळ यांबद्दल त्यांनी तक्रार केली नाही. देवाने बरेच केले, असाच भाव ठेवला. दुरुस्त झालेल्या देवळात ते एकादशीस कीर्तन करू लागले. आरंभी पाठांतर नव्हते, म्हणून संतांची वचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले.