बेल यांच्या घरातला टेलिफोन

१९९३ सालची गोष्ट. तेव्हाच्या औरंगाबादेत, गुलमंडीजवळच्या एका एसटीडी बूथसमोर आम्ही रांगेत उभे होतो. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून गर्दीही तेव्हाच. माझ्या मामेभावाला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही त्यांना दादा म्हणतो. वहिनी बाळंतपणासाठी परभणीला माहेरी गेल्या होत्या. केबिनमध्ये रिसीव्हर कानाला लावून मी बोलत होतो आणि काचेबाहेर दादा माझ्या चेहऱ्याकडे डोळे लावून उभे होते. मुलगी झाल्याचे मला आधी कळले. बापाला ते माझ्या हसण्यावरून कळले. मीटरवर आकडे पळत होते, आणि दादांना जे विचारायचे होते ते त्यांच्या हातांतच राहिले.

पुढे टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्याविषयी वाचताना ती केबिन पुन्हा डोळ्यांपुढे आली. कारण ज्यांनी हे यंत्र केले त्यांची आई आणि पत्नी, दोघीही कर्णबधिर होत्या!

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधील एडिंबरोचा. वडील मेलव्हिल उच्चारशास्त्राचे शिक्षक. ओठ, जीभ, घसा कसा हलवायचा हे चिन्हांतून दाखवणारी एक लिपीच त्यांनी तयार केली होती. आई एलिझा चित्रे काढी, पियानो वाजवी. पण तिला ऐकू फार कमी येई. बाकीचे लोक तिच्या श्रवणनळीत मोठ्याने बोलत. लहानगा अलेक मात्र तिच्या कपाळाशी तोंड नेऊन खालच्या सुरात बोले आणि घरात चाललेल्या गप्पा बोटांच्या अक्षरांनी तिला सांगे. आज आपण ज्याला दुभाषा म्हणतो, तेच काम तो करीत होता.

दोन्ही भाऊ क्षयाने गेल्यावर १८७० मध्ये कुटुंब कॅनडाला आले. पुढच्याच वर्षी बेल बोस्टनला कर्णबधिर मुलांच्या शाळेत वडिलांची पद्धत शिकवू लागले. दिवसा शिकवणे आणि रात्री तारांशी झटापट, असा क्रम सुरू झाला. प्रयोगांना पैसा पुरवला तो सँडर्स आणि हबर्ड या दोघांनी, आणि दोघेही त्यांच्या कर्णबधिर विद्यार्थ्यांचे वडील. हबर्ड यांची मुलगी मेबल. पाचव्या वर्षी तापात तिची श्रवणशक्ती गेलेली. ७ मार्च १८७६ रोजी टेलिफोनचे पेटंट मिळाले, तीनच दिवसांनी तारेतून स्पष्ट शब्द गेले, आणि ११ जुलै १८७७ रोजी बेल यांनी मेबलशी लग्न केले. टेलिफोन कंपनीतले आपले शेअर्स, अवघे दहा ठेवून, त्यांनी तिला लग्नाची भेट म्हणून दिले. म्हणजे मालकी तिची, पण घंटी वाजली तर उचलायला दुसरे कोणी हवे!

इथवर बेल मला फार जवळचे वाटतात. पुढे मात्र नाही. कर्णबधिरांनी ओठ वाचावेत, तोंडाने बोलावे, शाळेत हातांची भाषा नको, या मताचे ते मोठे पुरस्कर्ते झाले. कर्णबधिरांनी आपसात लग्ने करू नयेत, असा निबंधही त्यांनी १८८३ मध्ये वाचला. हेतू मुलांना जगात मिसळता यावे हा असेल. पण शाळाशाळांतून पोरांचे हात बांधले गेले, त्याला ह्या विचाराने बळ दिले. हेलन केलरच्या वडिलांना योग्य संस्थेची वाट दाखवणारे आणि ज्यांना तिने आपले आत्मचरित्र अर्पण केले तेही हेच बेल. माणूस एका रंगाचा नसतो, दुसरे काय!

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील बॅडेक येथे ते गेले. मेबल उशाशी होत्या. आपल्याला सोडून जाऊ नका, असे त्यांनी विनवले तेव्हा बेल यांनी बोटांनी खूण करून नाही म्हटले, असे चरित्रकार सांगतात. दफनाच्या वेळी अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर बंद ठेवण्यात आले.

कर्णबधिरांपुरता टेलिफोन त्यानंतरही मुकाच राहिला. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर पदार्थवैज्ञानिकाने त्याला वाचा दिली. आपल्या तारघरात असत तसली जुनी टेलिप्रिंटर यंत्रे भंगारात निघत होती. पण बेल यांच्या कंपनीतूनच वाढलेली बलाढ्य कंपनी आपल्या तारेला बाहेरचे यंत्र जोडू देईना. वाइटब्रेख्ट यांनी तार जोडलीच नाही! दोन वाट्यांसारख्या खोबणींवर रिसीव्हर ठेवला. टेलिप्रिंटरची अक्षरे सुरांत बदलून रिसीव्हरमध्ये शिरत आणि पलीकडे सुरांची पुन्हा अक्षरे होत. रेडवूड सिटीहून पासाडेनाला, डॉ. जेम्स मार्स्टर्स या कर्णबधिर दंतवैद्याशी, ते असे टाइप करून बोलले.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात चेहरा दाखवणारा फोन ठेवला होता. तो घरोघरी यायला चाळीस वर्षे लागली, आणि आला तेव्हा नवेच भांडण. अमेरिकेत कर्णबधिर व्यक्ती पडद्यावरील दुभाषाला खुणा करी आणि दुभाषा त्या पलीकडच्या माणसाला बोलून सांगे. पण एका कंपनीच्या व्हिडिओफोनवरून दुसऱ्या कंपनीच्या दुभाषाला फोन लागू दिला जात नसे. अखेर २००६ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने ही अडवणूक बंद करायला लावली.

परभणीला जन्मलेली ती मुलगी आता पुण्यात असते. मध्यंतरी तिने नवा फोन घेतला. त्यातली व्हिडिओ कॉलची सोय दादांच्या साध्या फोनवर चालेचना. तीन दिवस बापलेकीत एक खूणही झाली नाही. शेजारच्या कॉलेजातल्या पोराने दोघांच्या फोनवर एकच ॲप टाकून दिले, तेव्हा कुठे दादा जेवले. खुणांना दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून त्यांचा फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला असतो. कॉल संपेपर्यंत वहिनींना चहा टाकता येत नाही, आणि कॉल काही लवकर संपत नाही.