हरभरा नावाचा वकील

लॅटिनमध्ये हरभऱ्याला जो शब्द आहे, त्यावरून ‘सिसेरो’ हे नाव पडलं. राजकारणात शिरताना मित्रांनी नाव बदल म्हणून सांगितलं. पठ्ठ्यानं ऐकलं नाही.

मार्कस टुलियस सिसेरोचा जन्म इ.स.पूर्व १०६चा, रोमपासून दूर आर्पिनम गावातला. घराण्यात आधी कुणी सिनेटर नाही. भांडवल एकच, बोलणं! इ.स.पूर्व ७० मध्ये त्यानं सिसिलीचा माजी गव्हर्नर व्हेरेसवर लुटीचा खटला चालवला. सुमारे ५० दिवस बेट पालथं घालून साक्षीपुरावे गोळा केले. व्हेरेस निकालाआधीच पळाला. खटल्याची जी भाषणं सिसेरोनं नंतर प्रसिद्ध केली, त्यात एक आरोप लुटीपेक्षाही गंभीर आहे : व्हेरेसनं एका रोमन नागरिकाला क्रुसावर चढवून मारलं.

दोन हजार वर्षांपूर्वीचं रोम वाचून आपल्याला काय मिळणार, असं मलाही वाटायचं. पण पुढचं ऐका.

इ.स.पूर्व ६३ मध्ये सिसेरो कॉन्सल झाला, म्हणजे सत्तेच्या सर्वोच्च पदावर. कॅटिलाइननं सत्ता उलथवायचा कट रचला आणि त्याचे पाच साथीदार पकडले गेले. गुन्हेगारच आहेत, मग खटला कशाला? आपल्याकडे एन्काउंटर झालं की कट्ट्यावर हाच वाद रंगतो. तो तेव्हा सिनेटमध्ये झाला. सीझर म्हणाला, कैदेत ठेवा. केटो म्हणाला, मारा. ५ डिसेंबरला सिसेरोनं पाचही जणांना खटल्याविना गळा आवळून मारायला लावलं. लोकांनी जयजयकार करत त्याला घरी पोचवलं.

पाच वर्षांत वारं फिरलं. नागरिकाला खटल्याशिवाय मारणाऱ्याला हद्दपार करायचा कायदा त्याचा वैरी क्लोडियसनं आणला. सिसेरोला रोम सोडावं लागलं, घर जमीनदोस्त झालं. दीडेक वर्षानं तो परतला खरा, पण आधीचा दरारा गेला होता.

सीझरच्या खुनानंतर त्यानं अँटनीविरुद्ध भाषणांचा धडाका लावला आणि विशीतही न पोचलेल्या ऑक्टेव्हियनला डोक्यावर घेतलं. माझ्या मते ही त्याची सगळ्यात मोठी चूक. ऑक्टेव्हियननं अँटनीशीच हातमिळवणी केली. मग मारायच्या माणसांची यादी लागली. तीत नाव आलं की खटला नाही, अपील नाही.

७ डिसेंबर, इ.स.पूर्व ४३. समुद्राकडे निघालेली सिसेरोची पालखी फॉर्मियाजवळ अडवली गेली. त्या पाच जणांना मारून २० वर्षं आणि दोन दिवस झाले होते. त्याचं शिर आणि हात रोमच्या फोरममध्ये टांगले गेले, तो जिथून भाषणं करायचा त्याच व्यासपीठावर.