शहर घडविले, संपत्ती गमावली!

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या बीकन हिल या टेकडीवर मॅसॅच्युसेट्स राज्याचे विधानभवन दिमाखात उभे आहे. त्याचा सोनेरी घुमट ही या शहराची ओळख मानली जाते. ही वास्तू ज्यांच्या कल्पनेतून साकारली, त्या चार्ल्स बुलफिंच यांना मात्र कर्जापायी तुरुंगवास भोगावा लागला, तोही स्वतः आराखडा केलेल्या तुरुंगात. शहराला रूप देताना त्यांनी आपले सर्वस्व गमावले आणि पुढे त्यांनी उभारलेल्या कित्येक वास्तू त्याच शहराने पाडून टाकल्या.

बुलफिंच यांचा जन्म ८ ऑगस्ट १७६३ रोजी बोस्टनमधील एका सधन डॉक्टरच्या घरी झाला. १७८१ मध्ये हार्वर्डमधून पदवी घेतल्यावर १७८५ ते १७८७ या काळात त्यांनी युरोपचा प्रवास केला. तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत असलेले थॉमस जेफरसन यांनी त्यांना कोणत्या वास्तू पाहाव्यात, याचे मार्गदर्शन केले. त्या काळी अमेरिकेत वास्तुविशारद असा स्वतंत्र व्यवसाय जवळजवळ नव्हताच. घरात पैसा होता, मनात हौस होती. त्यामुळे मायदेशी परतल्यावर बुलफिंच मित्रांना आराखडे करून देत, ते बहुतेक विनामोबदलाच.

पहिला मोठा घाव

हौसेचे रूपांतर साहसात झाले ते १७९३ मध्ये. फ्रँकलिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेवर अर्धचंद्राकृती वळणात एकमेकांना जोडलेली १६ घरे उभारण्याचा प्रकल्प त्यांनी हाती घेतला. 'टॉन्टाइन क्रेसेंट' हे त्याचे नाव. 'टॉन्टाइन' या पद्धतीत एखादा भागधारक मरण पावला की त्याचा वाटा हयात असलेल्या भागधारकांत वाटला जाई. या तत्त्वावर भांडवल उभारण्याची योजना होती. परंतु विधिमंडळाने त्यास मान्यता नाकारली. काम थांबवायचे की स्वतःच्या बळावर पुढे न्यायचे, असा प्रश्न होता. बुलफिंच यांनी दुसरा मार्ग निवडला. घरे देखणी झाली. मधल्या कमानीवरील दालनात ग्रंथालय आणि इतिहास संशोधन संस्थेला जागाही मिळाली. पण हिशेब जुळला नाही. जानेवारी १७९६ मध्ये बुलफिंच यांचे दिवाळे निघाले. त्यांची स्वतःची आणि पत्नी हॅना यांचीही वडिलोपार्जित मालमत्ता त्यात गेली.

योगायोग असा, की याच सुमारास विधानभवनाचे बांधकाम चालू होते. ४ जुलै १७९५ रोजी कोनशिला बसली आणि १७९८ मध्ये इमारत वापरात आली. घुमटावर प्रारंभी लाकडी पट्ट्या होत्या. १८०२ मध्ये पॉल रिव्हिअर यांच्या कारखान्याने त्यावर तांब्याचे पत्रे चढविले. सोन्याचा मुलामा चढला तो १८७४ मध्ये.

आता हौस हेच उपजीविकेचे साधन झाले. शहराचा कारभार पाहणाऱ्या निर्वाचित मंडळाचे अध्यक्षपद १७९९ पासून सुमारे १८ वर्षे त्यांच्याकडे होते. पोलीस व्यवस्थाही तेच पाहत. १७९० मध्ये जेमतेम १८ हजार असलेली बोस्टनची लोकसंख्या १८२० मध्ये ४३ हजारांवर गेली. या वाढत्या शहराला त्यांनी वळण लावले. १८०५-०६ मध्ये फॅन्युइल हॉल या सभागृहाची रुंदी दुप्पट करून त्यावर मजला चढविला. चर्च, न्यायालय, तुरुंग, धक्क्यावरची गोदामे असे कोणतेच काम त्यांना परके राहिले नाही. मात्र आर्थिक ओढाताण संपली नाही. १८११ च्या जुलैमध्ये देणेकऱ्यांनी त्यांना महिनाभर तुरुंगात बसविले. शहराच्या प्रमुख कारभाऱ्यावर अशी वेळ यावी, यावरून त्यांच्या प्रामाणिकपणाची आणि व्यवहारशून्यतेचीही कल्पना येते.

राजधानीचे बोलावणे

१८१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो बोस्टनला आले असता शहर दाखविण्याची जबाबदारी बुलफिंच यांच्यावर होती. पुढच्याच वर्षी त्यांची वॉशिंग्टनमधील संसद भवनाचे वास्तुविशारद म्हणून नेमणूक झाली. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी जाळलेल्या या वास्तूचे अपुरे काम त्यांनी पूर्णत्वास नेले. त्यांचा तांब्याने मढविलेला लाकडी घुमट पुढे काढण्यात आला आणि त्या जागी आजचा लोखंडी घुमट आला. १८२९ मध्ये ते पद संपुष्टात आले. १८३० मध्ये बुलफिंच बोस्टनला परतले. १५ एप्रिल १८४४ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले.

त्यानंतर अवघ्या १४ वर्षांत, १८५८ मध्ये, टॉन्टाइन क्रेसेंट जमीनदोस्त झाले. व्यापारी पेढ्यांना जागा हवी होती. शहरातील त्यांच्या चर्चपैकी नॉर्थ एंडमधील सेंट स्टीफन्स हे एकच आज उभे आहे. १८९० च्या दशकात तर खुद्द विधानभवन पाडण्याचा विचार पुढे आला होता. वास्तुविशारद आणि नागरिकांनी विरोध केला म्हणून दर्शनी भाग वाचला. हॅरिसन ग्रे ओटिस यांच्यासाठी १७९६ मध्ये बांधलेले घर १९१६ मध्ये एका वारसा संस्थेने विकत घेतले आणि रस्ता रुंद झाला तेव्हा ते अख्खे मागे सरकवले. १९५५ मध्ये बीकन हिलला कायद्याने ऐतिहासिक विभागाचा दर्जा मिळाला. त्यामुळे तेथील घराच्या रस्त्याकडील भागात बदल करायचा तर परवानगी लागते.

वारसा जपण्याची ही जाणीव टॉन्टाइनला वाचवू शकली नाही. तरीही फ्रँकलिन स्ट्रीटवरून चालताना रस्ता मध्येच हलकेच वळतो. ते वळण बुलफिंच यांच्या अर्धचंद्राचे आहे. तेथून फुटणाऱ्या गल्लीचे नाव आर्च स्ट्रीट, म्हणजे कमानीची गल्ली. ज्या कमानीने बुलफिंच यांना कंगाल केले, तिचे नाव बोस्टनच्या नकाशावर आजही आहे.