नारायण धारप : भयामागच्या माणसाचा शोध घेणारा कथाकार

जिझान : मराठीत भयकथा म्हटले की पहिले नाव आठवते ते नारायण धारप यांचे. तांबड्या समुद्राकाठच्या या शहरात नोकरीनिमित्त आलेल्या ज्या मराठी माणसांचे बालपण ग्रंथालयाच्या वर्गणीवर पोसले गेले, त्यांना धारपांचे पुस्तक उशाशी ठेवून जागवलेली रात्र निश्चित स्मरत असेल.

धारपांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. दीर्घ लेखनकाळात त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. भयकथेबरोबरच विज्ञानकथाही त्यांनी हाताळली. ‘गोग्रामचा चितार’ ही त्यांची कादंबरी त्याचीच साक्ष होय. दुष्ट शक्तींशी झुंजणारे ‘समर्थ’ आणि त्यांचे सोबती अप्पा यांच्या कथांनी वाचकांच्या दोन पिढ्यांना खिळवून ठेवले. पाश्चात्त्य साहित्याचे ऋणही त्यांच्यावर होते. स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ची छाया ‘लुचाई’वर, तर ‘इट’ची ‘शपथ’वर दिसते. मात्र परक्या मुलखातले ते भय त्यांनी आपल्या वाड्यांत, आडगावांत आणि मध्यमवर्गीय माजघरांत असे काही वसवले, की ते उपरे वाटेनासे झाले.

गुप्त विधी आणि अघोरी उपासना हा जगभरच्या भयकथेचा जुना विषय. स्पेनमध्ये अमांदो दे ओसोरिओ यांनी १९७२ साली पडद्यावर आणलेल्या चित्रपटात पूर्वेकडून अघोरी विद्या शिकून आलेले सरदार कुमारिकेचा बळी देतात आणि शतकांनंतर आंधळी प्रेते होऊन थडग्यांतून उठतात. धारपांजवळ पडदा नव्हता, प्रकाशयोजना नव्हती. होते केवळ शब्द. बंद खोली, जिन्यावरचे पाऊल, नेहमीच्या माणसाचे किंचित बदललेले वागणे, एवढ्यावर ते वाचकाचा थरकाप उडवीत.

असे लेखन अंधश्रद्धेला खतपाणी घालते काय? ज्या महाराष्ट्राला २०१३ साली नरबळी व अघोरी प्रथांविरुद्ध कायदा करावा लागला, तेथे हा प्रश्न टाळता येत नाही. धारपांच्या कथांत तंत्रमंत्र आहेत, हे खरे. तथापि अमंगळाला दार उघडून देतो तो बहुधा माणसाचा लोभ, सूड किंवा सत्तेची हाव. आणि त्याची किंमतही माणसालाच मोजावी लागते. विधीचे आकर्षण वाढवण्यापेक्षा त्यामागची वासना उघडी करणे, हे त्यांच्या उत्तम कथांचे बळ होय.

समीक्षेने भयकथेला दीर्घकाळ साहित्याच्या ओसरीवरच बसवले. वाचकांनी मात्र धारपांना घरात घेतले. १८ ऑगस्ट २००८ रोजी ते निवर्तले. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला. त्याचे मूळ बीज धारपांच्या एका कथेत होते आणि त्याचा विषयही लोभच होता. धारपांनी पेरलेले भय असे नव्या पिढीपर्यंत पोहोचले. त्यांतील कित्येकांनी त्यांचे पुस्तक कधी हातात धरलेले नाही; ते आता धरावे.