पाण्याखाली हृदय मंद का होतं? सीलचं कोडं सोडवणारे पेर शोलँडर

चेहरा थंड पाण्यात बुडवून श्वास रोखला, की आपल्या हृदयाचे ठोके आपोआप कमी होतात, हे तुम्हाला माहीत आहे का? यामागचं गणित उलगडणारा माणूस मात्र सुरुवातीला दगडफुलांचा अभ्यासक होता! हो, आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूल ज्या वर्गातलं, तीच ही वनस्पतीसारखी दिसणारी लायकेन्स.

पेर शोलँडर यांचा जन्म १९०५ साली स्वीडनमध्ये झाला, पण ते वाढले नॉर्वेत. १९३२ मध्ये ते ऑस्लोत डॉक्टर झाले आणि दोनच वर्षांनी लायकेन्सवर पीएचडी मिळवली. त्यासाठी ते ग्रीनलंडपर्यंत फिरले. पुढे मात्र त्यांना वेगळ्याच प्रश्नानं गाठलं: आपल्यासारखाच फुफ्फुसांनी श्वास घेणारा सील पाण्याखाली इतका वेळ तगतो कसा?

१९४० मध्ये त्यांनी उत्तर मांडलं. बुडी मारताच सीलचे ठोके सुमारे दहाव्या हिश्शावर येतात. स्नायूंकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्तातला प्राणवायू मुख्यतः मेंदू व हृदयासाठी राखला जातो. स्नायू स्वतःत साठवलेल्या प्राणवायूवर भागवतात. तो संपला की त्यांच्यात लॅक्टिक आम्ल साचतं. पुरावा काय? बुडीदरम्यान रक्तात हे आम्ल फारसं वाढत नाही. सील वर येताच मात्र ते एकदम रक्तात उतरतं.

माणसाचं काय? १९६२ मध्ये शोलँडर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यातही ठोके मंदावले आणि वर आल्यावर रक्तातलं आम्ल वाढलं. म्हणजे हीच यंत्रणा आपल्यातही आहे, फक्त सीलपेक्षा कमजोर.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. शोलँडर यांचे सील फळीला बांधून बुडवलेले होते. पुढे मोकळ्या समुद्रातल्या सीलवर यंत्रं बसवली, तेव्हा दिसलं की रोजच्या छोट्या बुड्यांत ठोके एवढे घसरत नाहीत. बांधलेल्या सीलला कधी वर यायला मिळेल हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्याचं शरीर जिवावरचं संकट आल्यासारखं वागत होतं. शोलँडर यांनी पाहिली, ती या यंत्रणेची टोकाची अवस्था.

१९८० मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं. आज काही प्रकारच्या अतिजलद ठोक्यांवर डॉक्टर रुग्णाच्या चेहऱ्याला बर्फाचा गारवा देतात, त्यामागे हीच यंत्रणा असते.

पण एकट्यानं पाण्याखाली श्वास रोखण्याची पैज लावू नका. ठोके मंदावले तरी प्राणवायू संपतोच आणि शुद्ध हरपण्यापूर्वी शरीर इशारा देईलच असं नाही.