सारंगीच्या घरातलं लेकरू : मिरजेचे अब्दुल करीम खाँ

लातूर : आपल्याकडच्या जुन्या माणसांना मिरजेची छोटी रेल्वे आठवत असेल. लातूरहून निघायची, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेला टेकायची. त्या मिरजेत एक मोठा गवई राहून गेला, उस्ताद अब्दुल करीम खाँ. माणूस मूळचा इकडचा नव्हे. जन्म 1872 चा, गाव उत्तर प्रदेशातलं कैराना. घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणं-बजावणं. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांनी लेकराला जवळ बसवून शिकवलं.

गाण्यासोबत लहानपणीच सारंगी हातात आली. बीन, सतार, तबला हेही शिकले, पण सारंगीची गोष्ट वेगळी. आज गावोगाव पेटी आहे. पेटीचं बरं असतं, पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. सारंगीला पट्टी नाही, पडदा नाही. डाव्या हाताच्या नखाच्या मुळाशी तार टेकवून सूर हुडकावा लागतो. बोट जवाभर सरकलं की बेसूर. नखं दुखतात, कातडी सोलते. पण रोज हुडकून हुडकून कान असा तयार होतो की चुकलेला सूर भातातल्या खड्यासारखा लागतो.

मी स्वतः पंचविशीत पखवाज धरला. बोल तोंडपाठ झाले, हात मात्र अजून मागंच. आमच्या मंडळातलं बारकं पोरगं सप्त्यात माझ्यापुढं वाजवतं, म्हणून हे पटतं.

तर, त्या काळी सारंगीवाल्याला मान कमी. मैफलीत गवयाच्या मागं बसायचं. अब्दुल करीम गाण्याकडं वळले. सारंगी बाजूला राहिली, पण तिची चाल गळ्यात उतरली होती. एका सुरावरून दुसऱ्यावर तुटक उडी नाही, तार ओढल्यासारखं सावकाश सरकत जाणं. किराणा घराण्याचं गाणं म्हणतात ते हेच. तंबोरा लावायला ते कितीही वेळ घेत. वाद्य बिघडलं तर स्वतः दुरुस्त करत.

तरुणपणी ते बडोद्याच्या गायकवाड दरबारात होते. तिथं सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी सूत जुळलं आणि दोघांनी बडोदं सोडलं. पुढं 1913 साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. पोरं तिथंच राहायची, तिथंच जेवायची. खर्च मैफलींच्या पैशातून.

घर मात्र टिकलं नाही. 1922 च्या सुमारास ताराबाई पाचही लेकरांना घेऊन वेगळ्या झाल्या. हे मला फार लागतं. गावोगावच्या पोरांना जवळ करून शिकवणारा बाप, आणि स्वतःची लेकरं दुसऱ्या दारात. तरी गाणं त्यांच्यात आलंच. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांचीच लेकरं. हिराबाईंना पुढं भावानं, सुरेशबाबूंनी शिकवलं.

खाँसाहेब मिरजेत राहिले. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्याचं गाव. त्याला लागणारे मोठे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतात, हे आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक असावं. भाजीला न चालणारं फळ, पण वाळवून पोकळ केलं की त्यातून सूर घुमतो.

त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, ज्यांचे अभंग आपल्याकडं पहाटे लागतात. भीमसेननी लहानपणी खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली आणि गाण्याच्या नादानं घर सोडलं.

ऑक्टोबर 1937. खाँसाहेब मद्रासेकडून पाँडिचेरीला रेल्वेनं निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगापेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर बिछाना टाकला, तंबोरा लावून घेतला आणि दरबारी रागात ईश्वराचं नाव घेत गायला लागले. तिथंच प्राण गेला, तारीख 27.

त्यांना मिरजेला आणून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दरवर्षी त्यांच्या नावानं तिथं गाण्या-वाजवण्याचा उत्सव होतो. कलावंत लांबून येतात, आधी तंबोरा जुळवतात, मग गातात.